फाटकाशी चपला

नमुना क्रमांक : ८८१४

पिशवी मंगळवारी दुपारी आली. आत तेवीस पानं, प्रत्येक ओळीतलं एक, ओल्या कापसात गुंडाळलेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा पानमळा. मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं : दामोदर येऊल, मयत. कोण कसतं, तो रकाना कोरा.

मिरजेच्या वेलरोग कक्षात अशा पिशव्या रोज चाळीसेक यायच्या. शिवलीला कोरे तिथली प्रमुख. सही केली तरी चालायचं, पण पहिलं पान ती स्वतः यंत्राला देई. सवय होती. तिने पानाचा देठ चिमटीत धरून दाबला, रसाचा थेंब काचेवर सोडला आणि चहा घ्यायला गेली.

परत आली तेव्हा पडद्यावर झाड उगवलं होतं आणि त्याची एक फांदी नमुना क्रमांक एकमधून फुटली होती.

नमुना क्रमांक एक म्हणजे तिच्या बापाच्या मळ्यातलं पान.

विषाणू

यंत्राचं नाव वंशवाचक. जेवणाच्या डब्याएवढं. त्याचं काम समजायला फार शिकावं लागत नाही.

विषाणू स्वतःच्या प्रती काढतो आणि प्रत काढताना चुकतो. चुका साधारण एका चालीने साठत जातात, घड्याळाच्या काट्यासारख्या. दोन मळ्यांतल्या विषाणूंमध्ये किती चुका वेगळ्या आहेत हे मोजलं, की त्यांचा संसार कधी वेगळा झाला ते सांगता येतं. वंशवाचक हे मोजतो आणि झाड काढतो. खोडाशी जुने, टोकाला आजचे. प्रत्येक फाट्यावर साल.

पानवेलीत दोन जातींचे विषाणू राहतात. एकाला कक्षातली माणसं 'घरचा' म्हणत. पानवेल बियांवर वाढत नाही. वेलीचा तुकडा कापून लावतात, त्या तुकड्याला बेणं म्हणायचं. घरचा कधी त्या बेण्यातून पुढच्या वेलीत जातो, पण कोवळ्या शेंड्याच्या बेण्यात तो बहुधा नसतो. मग तो खुडणाऱ्याच्या हत्यारावरच्या रसातून जातो. त्याला पंख नाहीत. वेल मेली तर तोही मेला. म्हणून शेकडो वर्षांत त्याचे जे वंशज वेलीला जाळायचे ते वेलीबरोबरच संपले आणि जे गप्प राहायचे ते उरले. शेवटी तो इतका गप्प झाला, की मळेवाल्यांना तो आहे हेच माहीत नव्हतं. वर तो दुसऱ्या कुणाला सहज आत येऊ देत नसे, कारण जागा त्याची होती.

दुसरा 'उडता'. तो पांढऱ्या माशीवर बसून फिरतो. ही वेल मेली तर पुढची आहेच, त्यामुळे त्याला सबुरी शिकायची कधी गरज पडली नाही.

२०३९ साली कुठल्यातरी एका पानात हे दोघे एकाच पेशीत सापडले. प्रती निघताना तुकड्यांची अदलाबदल झाली. जे निघालं त्याला घरच्याचं लपणं मिळालं आणि उडत्याचे पंख. लोकांनी त्याला 'पिवळी' म्हटलं. सहा वर्षांत राज्यातले दोन तृतीयांश पानमळे पिवळीने खाल्ले.

मग नियम आला. जिथे घरचा सापडेल तो मळा उपटून जाळायचा. पिवळी पुन्हा जन्मायला त्याचीच गरज होती. नियमाचा मसुदा शिवलीलाने लिहिला होता.

यजमान

ज्या झाडात विषाणू राहतो त्याला शास्त्रात यजमान म्हणतात. कोऱ्यांच्या घरात यजमान म्हणजे आप्पा. मिरजेच्या पूर्वेला त्यांचा दीड एकर पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली, चारी बाजूंनी ताट्या आणि एकच फाटक.

त्या मळ्याचे तीन नियम होते. बेणं घराबाहेर जायचं नाही. पान खुडायची नखी, अंगठ्यात घालायची ती धारेची पत्र्याची टोपी, सुनेला मिळायची, लेकीला नाही. नवी ओळ लावली की सुनेने आधी सगळ्यात जुन्या वेलीचं पान खुडायचं आणि नखी न पुसता नव्या ओळीतल्या प्रत्येक वेलीला टोचायची. 'म्हातारीची ओळख करून देणं' असं त्याला म्हणत.

आणि चपला बाहेर. मळ्यात पायताण घालून कुणीही, कधीही जायचं नाही. त्यामुळे फाटकाशी चपला दिसल्या की ओळखायचं, त्या चपलांचं माणूस आत आहे. हाक मारायचीसुद्धा गरज नसे.

२०२१ च्या श्रावणात, एका सकाळी फाटकाशी महानंदाच्या चपला होत्या. महानंदा म्हणजे शिवलीलाची अक्का, बावीस वर्षांची. लग्न ठरलं होतं, ऊसवाल्यांच्या घरात. आदल्या दिवशी ती आप्पांना म्हणाली होती, "मला मळा द्या, मी लग्न करत नाही." आप्पा म्हणाले होते, "मळा पोरीला देत नसतात."

दुपार झाली तरी चपला तिथेच. आत शोधलं, अक्का नव्हती. आईची, अव्वाची नखीही खुंटीवर नव्हती. चपला फाटकाशी आहेत म्हणजे माणूस आत आहे, आणि आत माणूस मावेल अशी एकच जागा होती. विहीर तीन दिवस उपसली. तळाला कपार होती, ती कुठवर जाते कुणाला माहीत नव्हतं. रस्त्यावर, एसटी स्टँडवर, स्टेशनात कुणी जाऊन विचारलं नाही. विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आप्पांनी विहीर बुजवली. दोन वर्षांनी मळाही काढला. शिवलीला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने म्हातारीचं एक पान वहीत दाबून ठेवलं. पुढे कक्षात यंत्र आलं तेव्हा चाचणीसाठी पहिलं पान तेच घातलं.

नमुना क्रमांक एक.

फाटा

२०२१, अधिक-उणे सात महिने.

शिवलीलाने पडदा बंद केला, पुन्हा लावला. मग दार लावून घेतलं आणि उरलेली बावीस पानंही यंत्राला दिली. बेणं घराबाहेर कुणालाच दिलं नव्हतं. ते फक्त एकाच माणसाने नेलेलं असू शकत होतं, आणि ते माणूस पंचवीस वर्षं विहिरीत होतं.

संध्याकाळपर्यंत ओळींची सालं पडद्यावर उतरली. नवी ओळ जुनीवरून टोचलेली असली की तिचा विषाणू त्या वर्षी वेगळा होतो. तेव्हा ओळीचं साल म्हणजे कुणीतरी अंगठ्यात नखी घालून तिथे उभं असल्याचं साल.

२०२१. २०२२. २०२३. २०२४.

मग काही नाही. दोन वर्षं एकही ओळ नाही. मूल झालं असेल, शिवलीलाच्या मनात आलं. मला भाचा असेल, नाहीतर भाची.

२०२७. २०२८. दरवर्षी एक. एकही साल चुकलं नाही. २०३५, शिवलीलाला नोकरी लागली ते साल. २०३८, आप्पा गेले ते. तिकडे आपली एक ओळ वाढत होती. २०४०. २०४१.

त्यानंतरच्या चार ओळींत घरचा नव्हताच. नुसती पिवळी.

म्हणजे एकेचाळीसनंतर नखी टोचणारं कुणी राहिलं नव्हतं. मालकाच्या रकान्यात मयत होतंच. शिवलीला खुर्चीत बसून राहिली. दुपारी तिची बहीण पंचवीस वर्षांनी जिवंत झाली होती आणि संध्याकाळी पाच वर्षांपूर्वी मेली होती.

नियमाप्रमाणे दुसरा नमुना अधिकाऱ्याने जागेवर जाऊन घ्यायचा असतो. दुसऱ्यातही घरचा निघाला की यंत्रच कक्षाला कळवतं, आणि चोवीस तासांत मळा पेटवायला माणसं येतात. 'दुसरा नमुना कोण घेणार?' असं यंत्राने विचारलं. तिने स्वतःचं नाव लिहिलं.

वाटेत

घरी अव्वा अक्काच्या त्या चपलांना तेल लावत होती. महिन्यातून एकदा ती पेटीतून त्या काढायची, फडक्याने पुसायची, करडीचं तेल चोळायची.

"चामड्याला तेल लागतं, नाहीतर तडकतं," ती नेहमीचं बोलली. "कुठं निघालीस?"

"विदर्भात. कामाला."

"मळा जाळायला?"

शिवलीलाने बॅगेची चेन ओढली. अव्वाने दुसरी चप्पल उचलली.

गाडी नदाफमामांची. कक्षात लागल्यापासून तेच चालवायचे. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ते हे दिवसातून तीनदा सांगायचे.

"ताई, इतक्या वर्षांत तुम्ही कधी नमुन्याला स्वतः निघाला नाही. मिरजेत बसून राज्य जाळता."

"मामा!"

"खोटं बोललो काय? कोण पाव्हणं हाय का तिकडं?"

"होतं."

मामांनी आरशातून पाहिलं आणि पुढे कितीतरी वेळ आठ महिन्यांचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोचले. फाल्गुनातच चव्वेचाळीस अंश. गावाभोवती मळ्यांच्या नुसत्या शेवऱ्या उरल्या होत्या, वेलींशिवाय, पिंजरे उघडे पडल्यासारख्या. त्या सगळ्या राखी रंगात एकच हिरवा चौकोन होता. शिवलीलाने बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि फाटक ढकललं.

"जोडे बाहीर!" आतून आवाज आला. "कोन आहे ते? जोडे काढून या म्हनलं न! हे काय बाजार आहे काय?"

शिवलीला एक पाय आत, एक बाहेर अशी थांबली. बोली वऱ्हाडी होती. आवाज अव्वाचा होता.

मालक

बाई ओळीतून बाहेर आली. केस पांढरे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, उजव्या अंगठ्यात नखी. उन्हामुळे तिने डोळ्यांवर हात धरला.

"अक्का," शिवलीला म्हणाली.

हात डोळ्यांवरच राहिला. ओळींमधून पाणी वाहत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"लीला," मग ती बाई म्हणाली, आणि आता तिच्या तोंडात मिरज होती. "केवढी जाड झालीस ग."

शिवलीलाला हसू आलं आणि हसता हसता ती फाटकातच खाली बसली. अक्काने येऊन तिच्या बुटांवरच्या पिशव्या काढल्या, मग बूट काढले, लहानपणी शाळेतून आल्यावर काढायची तसे. दोन्ही बूट बाहेर नीट लावून ठेवले.

"आता ये."

आत गारवा होता. दोघी म्हातारीच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या ओळीत बसल्या. तिथल्या वेली मनगटाएवढ्या जाड होत्या.

"तू विहिरीत होतीस," शिवलीला म्हणाली. "तीन दिवस उपसली. आप्पांनी बुजवली."

"कळलं नंतर. मिरजेकडचा एक पानवाला आला होता. सांगत होता, कोऱ्यांची थोरली विहिरीत गेली, पोरगी मोठी गुणाची होती म्हणे." अक्का हसली. "जिवंत असताना कुणी म्हणालं नाही."

"चपला का ठेवल्यास?"

"ठेवल्या नाहीत ग. बेणं कापायला आत आले. बाहेर पडायचं तर फाटकाशी आप्पा येऊन बसलेले. मागच्या बांधानं निघाले, अनवाणी. मला वाटलं, चपला बघून कळेल तुम्हाला, की ही पायताण टाकून गेली. विहीर उपसाल असं कशाला वाटेल?"

"मग पत्र तरी टाकायचंस."

"काय लिहू? मेलेल्याला कुणी परत चल म्हणत नाही. मला मळा पाहिजे होता. इथं येऊल म्हाताऱ्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी दिला."

"आणि पंचवीस-सव्वीस साली?"

"काय पंचवीस-सव्वीस?"

"दोन वर्षं ओळ लावली नाहीस. मला वाटलं, तुला मूल झालं."

अक्का तिच्याकडे नवलाने बघत राहिली. "येऊलांच्या म्हातारीला अर्धांग झाला होता. दोन वर्षं तिचं उठवणं-बसवणं. तुला हे कुणी सांगितलं?"

"पानांनी. आणि एकेचाळीसनंतर तू टोचणं सोडलंस म्हणून मला वाटलं, तू गेलीस."

अक्का उठली. खोपीच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवला होता, पिवळा पडलेला. तिने बोट ठेवलं. नखी, विळा, कात्री प्रत्येक ओळीनंतर ब्लीचच्या पाण्यात बुडवावी. खाली नाव : शिवलीला कोरे.

"गावच्या माणसानं वाटला. तुझं नाव बघून आधी रडून घेतलं. मग बादली आणली. म्हटलं, लीला शिकली, ती सांगते ते करायचं. चार वर्षं नखी धुतली. धुतलेल्या चारी ओळी गेल्या. न धुतलेली एक वेल पिवळी पडली नाही. यंदा बादली पालथी घातली."

शिवलीला कागदाकडे बघत राहिली. तो मजकूर तिने एका दुपारी, दोन बैठकांच्या मध्ये लिहिला होता.

"मी चुकीचं नव्हतं लिहिलं," शिवलीला म्हणाली. कुणाची बाजू घेते आहे हे तिलाच कळेना. "घरचा स्वतःच्या वेलीला राखतो, खरंय. पण माशी रोज बसते, अक्का. हजारदा तो तिला हाकलेल. एकदा दोघे एका पेशीत जातील आणि पिवळीहून वाईट काहीतरी निघेल. तुझ्या एकोणीस ओळी म्हणजे रोज एकोणीस ओळींइतके फासे."

"आणि जाळल्या तर?"

"तर ही वेल संपली. घरचा इथेच उरलाय."

"म्हणजे आपल्या घरातलं जे काही उरलंय ते इथंच."

दोघी परत ओळीत येऊन बसल्या. मग अक्काने विचारलं,

"दुसरा नमुना खोटा देता येईल?"

"यंत्राला खोटं सांगता येत नाही."

"तुला येतं का, ते विचारलं."

वेलीचं एक पान गळून त्यांच्या मध्ये पडलं. अक्काने ते उचललं, उलटसुलट पाहिलं, मांडीवर ठेवलं.

"नमुन्याला किती वाजता येणार?"

"उद्या सकाळी नऊला. मालक हजर असावा लागतो."

"असते मी. अव्वा कशी आहे?"

"तुझ्या चपलांना तेल लावते."

अक्काने मान फिरवली. मग म्हणाली, "तिला सांगू नको. दोनदा मरायला लावू नको मला."

निघताना शिवलीलाने बूट घातले. फाटकाशी अक्काच्या साध्या रबरी चपला होत्या, निळ्या पट्ट्याच्या. मघाशी येताना त्या तिला दिसल्याच नव्हत्या.

हजर व्यक्ती

सकाळी पावणेनऊला चपला तिथेच होत्या.

"आत गेल्यात वाटतं बाई," नदाफमामा म्हणाले. "हाक मारू?"

शिवलीला चपलांकडे बघत होती. आतून पाण्याचा आवाज येत नव्हता. मळ्याच्या मधोमध विहीर होती, काल तिने पाहिली होती. चांगली खोल, कठड्याला कबुतरं.

फाटक अर्धा हात उघडं होतं. फटीतून म्हातारीची ओळ दिसत होती. तिथल्या सात-आठ वेली छातीच्या उंचीवर कापलेल्या होत्या आणि कापलेल्या जागी अजून रस ओघळत होता. खोपीच्या दाराशी खुंटी होती. खुंटीवर नखी नव्हती.

गेल्या वेळीही नखी नव्हती. विहिरीत जाणारं माणूसही अंगठ्यातली नखी काढून ठेवत नाही, आणि ज्या बाईचा मळा उद्या जळणार ती म्हातारीच्या वेली कापून पोटाशी धरून कुठेही जाऊ शकते. ओल्या मातीत अनवाणी पावलं होती. मागच्या बांधाकडे जाणारी होती, विहिरीकडे जाणारी होती, परत येणारीही होती. रोज त्याच वाटांनी फिरणाऱ्या बाईची पावलं. त्यांतली आजची कोणती, ते सांगणारं यंत्र नव्हतं.

हाक मारली असती, विहिरीत डोकावलं असतं, तर कळलं असतं. पण विहीर रिकामी निघाली असती तर मामांना दिसलं असतं, मग गाव, मग पोलीस, मग एसटी स्टँड. या वेळी लोकांनी रस्त्यावर शोधलं असतं.

"ताई? मारू का हाक?"

"नको," शिवलीला म्हणाली. "आत आहे ती. पूजा असते तिची. थांबू."

"किती वेळ?"

"चपला आहेत ना इथं? मग येईल."

मामांनी ते पटवून घेतलं. गाडीच्या सावलीत फडकं अंथरून ते आडवे झाले. शिवलीला फाटकाशी, चपलांजवळ मातीत बसली. विहीर तीसेक पावलांवर होती. साडेनऊ वाजले. दहा. कबुतरं उडाली की ती विहिरीकडे बघायची, परत येऊन बसली की नजर चपलांवर आणायची. अकरा वाजता अकोटची गाडी सुटते हे तिने आदल्या दिवशी, कारण नसताना, पाहून ठेवलं होतं. दूर कुठेतरी हॉर्न वाजला.

सव्वाअकराला ती उठली. बूट काढले. आत जाऊन म्हातारीचं एक पान खुडलं, यंत्राला दिलं. वीस मिनिटं ती विहिरीकडे पाठ करून उभी राहिली. विहिरीपाशी ती गेली नाही.

पडदा लाल झाला. यंत्राने आपण होऊन कक्षाला कळवलं. अर्जातल्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं : मालक हजर.

आयुष्यात यंत्राच्या शेजारी बसून तिने लिहिलेलं ते पहिलं खोटं होतं. की खरं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

बाहेर येताना ती चपलांपाशी वाकली. निघणाऱ्या पाहुण्याच्या चपला घरातलं माणूस सरळ करून ठेवतं, तशा तिने त्या फिरवल्या, तोंड रस्त्याकडे केलं.

संध्याकाळी माणसं आली. मळा ओला होता, पेटायला वेळ लागला. त्यांच्यातल्या एकाने पिंप विहिरीवर नेऊन पाणी भरून आणलं आणि काही बोलला नाही. शिवलीलाने त्याच्या तोंडाकडे दोनदा पाहिलं. पण विहीर खोल होती, आणि तळाला कपार असू शकते.

शेरा

त्यानंतरही प्रत्येक पिशवीतलं पहिलं पान ती स्वतः द्यायची. सही करून सोडायची सोय असूनही. तरुण सहकारी म्हणायचे, मॅडमना वेळ आहे. रोज चाळीस झाडं पडद्यावर उगवायची आणि ती खोडापाशी बघायची, नमुना क्रमांक एकपाशी, तिथून काही फुटतंय का. दिवाळी गेली. उन्हाळा आला. झोपेत तिला तळ नसलेली विहीर दिसायची आणि विहिरीच्या काठावरून पडद्यावरच्यासारखी एक फांदी आत उतरत जायची.

चौदा महिन्यांनी, वैशाखात, क्रमांक २३६०२ ची पिशवी आली. तळकोकणातून. पोफळीवर चढवलेली पानवेल.

फांदी फुटली होती. ८८१४ मधून, म्हातारीच्या ओळीतून. साल २०४६, अधिक-उणे सात महिने.

शिवलीलाने पडद्यावर हात ठेवला. विहीर रिकामी होती. बाई चालत गेली होती, अनवाणी, बेणं घेऊन, सातपुड्यापासून समुद्रापर्यंत, आणि तिथे कुणाच्यातरी पोफळीला तिने वेल लावली होती आणि नखी न पुसता टोचली होती.

मग यंत्राने फांदीला रंग भरला. मुळाशी हिरवा. टोकाला, जिथे आजचं पान होतं, लाल. अर्धा तुकडा घरच्याचा, अर्धा उडत्याचा. पिवळी नव्हती ती. यंत्राकडे तिला नाव नव्हतं. वर्षभरात कुठल्यातरी दिवशी फासा पडला होता. खाली माशीच्या टप्प्यातल्या गावांची यादी येत गेली. सात वाड्या. नऊ. त्यांतल्या एकाही माणसाने त्या दोघी बहिणींचं काही बिघडवलं नव्हतं.

'दुसरा नमुना कोण घेणार?' यंत्राने विचारलं.

तिने नाव लिहिलं आणि घरी गेली. अव्वा उन्हात बसली होती.

"अव्वा, पेटीतल्या चपला दे."

"कुणाला?"

अक्काने सांगू नको असं सांगितलेलं होतं. अव्वाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा चपला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. तेल कागदाला फुटलं होतं.

"डाव्याचा अंगठा ढिला आहे," अव्वा म्हणाली. "तिला म्हणावं, टाका घालून घे. पडशील."

नदाफमामा निवृत्त झाले होते, तरी एका फोनवर आले. मागच्या सीटवर त्यांनी दोन वस्तू पाहिल्या, यंत्र आणि वर्तमानपत्राचं पुडकं.

"कुठं, ताई? नमुना, की पाव्हणं?"

शिवलीला मागे बसली. पुडकं तिने मांडीवर घेतलं, यंत्र शेजारी राहू दिलं.

"चला," ती म्हणाली.